सिंगल बेल

ट्रेलर दोन मिनिटं अकरा सेकंदांचा.
त्यात मी दीड सेकंद.
हातात कंदील, खांद्यावर घोंगडी, तीही मे महिन्यात.
म्हणतो, "थंय जाव नकात."
आवाज माझा नाही.
मुंबईत कुणीतरी घशात खडे घोळवून भरलाय.

एकतीस वर्षं देवगड डेपोत कंडक्टर होतो,
मिठबावची वस्तीची गाडी.
जन्मभर म्हटलं, पुढे सरका, पुढे सरका.
जाऊ नका म्हणायचे पैसे पहिल्यांदाच मिळाले:
बाराशे, आणि पोहे.

त्यांना भुताचं घर हवं होतं.
मिळालं इनास फर्नांडिसचं,
पोपटी रंग, छपरावर सोलर, दारात लेकीची स्कूटी.
तीन दिवस भिंतींना काजळी फासत होते.
अंगणातल्या क्रुसावर गोणपाट टाकलं,
पुढे थर्माकोलचं वृंदावन, त्यात सुकलेली तुळस.
इनास एवढंच म्हणाला, जाताना पुसून द्या.
धुकं यंत्रातलं. वाडीतली कुत्री रात्रभर खोकली.
झोपाळा आपोआप हलतो,
म्हणजे बाबल्या पागी माडाआडून तंगूस ओढतो.

आणि ती पोरं.
माझ्या गाडीत चढली असती तरी ओळखली असती.
हसरा, जो सगळ्यांची तिकिटं मी काढतो म्हणतो
आणि खिडकीबाहेर बघतो. तो पहिला जाणार.
चष्मेवाला, "असं काही नसतं" म्हणणारा,
तो मधल्या स्टॉपला.
मागच्या सीटवरचं जोडपं एकदमच.
एक अर्ध्या तिकिटाचं मूल,
काळ्या खडूनं घर काढतं, कोपऱ्याकडे बघून हसतं.
शेवटी उरते ती टॉर्च घेऊन जिना उतरणारी.
इनासच्या घराला जिना नाही.
जिना पुण्यात केला.

पांढऱ्या साडीतली, ओल्या केसांची, ती वेगळी.
तिला कुणी तिकीट विचारत नाही.
दुपारी केस मागे बांधून सुरमई खात होती,
काटा अडकला,
तर मीच सुक्या भाताचा गोळा गिळायला दिला.

डायरेक्टर पोरगा हुशार होता.
म्हणाला, काका, भीती किंचाळीत नसते,
किंचाळीच्या आधी सगळे आवाज काढून घ्यायचे.
एक सेकंद.
मी मान हलवली.
सुकती संपते तेव्हा आमच्या खाडीत तेच होतं.
पाणी ना आत, ना बाहेर.
होडीचा ताणलेला दोर सैल पडतो.

मग परवाचा रविवार, चारचा सुमार.
पाचजण वाळूच्या दांड्याकडे निघालेले.
म्हटलं, "थंय जाव नकात. पाणी भरताला आता."
"अरे, हा तोच! काका, परत एकदा. कंदील कुठाय?"
मोबाईल उभा धरला.
मी परत म्हटलं.
तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा
माझाच आवाज त्या भाड्याच्या आवाजासारखा आला.
ती हसत हसत गेली.

दांड्यावर पाच ठिपके.
दोर सैल पडला.

बेलची दोरी कुठून आणू?
पालथी होडी होती, दगड होता.
एकदाच आपटला. सिंगल बेल. थांबा.
कोण थांबतंय.
परत आपटला, मध्ये वेळ सोडून,
नाहीतर डबल होते, आणि डबल म्हणजे चला.
तिसऱ्याला एकीनं वळून पाहिलं,
माझ्याकडे नाही,
मागच्या वाटेकडे. तिथे वाट नव्हती.

आली. कमरेपर्यंत भिजलेली, मोबाईल डोक्यावर.
"काहीच तर झालं नाही, काका,"
हसरा म्हणाला. दात वाजत होते.
मी मोजत होतो. हाताची सवय.
पाच.

फक्त एकाची चप्पल
भरतीबरोबर खाडीत आत निघाली होती,
एकटीच, सावकाश,
जिना चढत असल्यासारखी.